आवाज कुठे राहतो?



मी कोकणातला, वेंगुर्ल्याजवळच्या एका गावचा. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झालो. मुलगी आणि जावई नेदरलँड्समध्ये नोकरीला, म्हणून २०२३ च्या जानेवारीत दोन महिने त्यांच्याकडे राहून आलो. परदेशवारीचे वर्णन ऐकवून तुम्हाला कंटाळा आणायचा माझा बेत नाही. मला सांगायचे आहे ते एकाच इमारतीबद्दल. ॲमस्टरडॅममधले एक जुने चर्च. तिथे मी तासाभरासाठी म्हणून गेलो आणि एक जुने ओझे बरोबर घेऊन परतलो. ओझे खरे म्हणजे माझेच होते. तिथे ते फक्त पुन्हा खांद्यावर चढले.

या चर्चचे नाव ‘आउडे केर्क’. त्याचा अर्थ सरळ आहे : जुने चर्च. गावात ‘नवे चर्च’ही आहे, पण त्या नव्या चर्चचे वयसुद्धा सहाशे वर्षांच्या घरात! आपल्याकडे एखाद्या ‘नव्या पेठे’ला दोन-अडीचशे वर्षे होऊन जातात आणि ती नवीच राहते, तसे.

आम्ही गेलो तो दिवस बोचऱ्या थंडीचा होता. बरोबर मुलगी आणि आठ वर्षांची नात. कालव्याच्या काठाने चालताना मुलगी जरा घाईने चालतेय, हे माझ्या लक्षात आले. कारण थोड्याच वेळात कळले. ॲमस्टरडॅमची जी वस्ती जगभर बदनाम आहे, लाल दिव्यांच्या खिडक्यांची, तिच्या ऐन मध्यावर हे चर्च उभे आहे. चर्चच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर त्या खिडक्या. आणि चर्चसमोरच्या चौकात एका स्त्रीचा छोटा ब्राँझचा पुतळा, दारात कमरेवर हात ठेवून उभी असलेली. जगभरच्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा मान राखा, असे सांगणारा हा पुतळा २००७ साली तिथे बसवला. मी कोकणातला म्हातारा मास्तर, नातीचा हात धरून तिथे उभा! कुठे पाहावे कळेना. शेवटी वर मनोऱ्याकडे पाहत राहिलो. त्याच वेळी घंटा वाजू लागल्या आणि माझी सुटका झाली.

आत गेलो. तिकीट काढून. देवाच्या घरात जायला तिकीट, हे मनाला थोडे लागलेच. पण पाऊल टाकले आणि ते विसरलो. आत केवढी मोठी, उंच, मोकळी जागा! मूर्ती नाही, चित्र नाही, झगमगाट नाही. उंच खिडक्यांतून आलेला हिवाळ्याचा राखाडी उजेड. आणि मान वर केली तर छत दगडाचे नाही, लाकडाचे. जहाज उलटे करून ठेवावे तशी लाकडी कमान. माझ्या पोटात काहीतरी हलले ते त्या लाकडाकडे पाहूनच. त्याचे कारण पुढे सांगतो.

खाली पाहिले तर सगळी फरशी थडग्यांची. एकाला एक लागून दगडी शिळा, कुणावर नाव, कुणावर घराण्याचे चिन्ह, कुणावर गलबत, तर कुणावर नुसता आकडा. जवळजवळ अडीच हजार थडगी आणि त्यांखाली सुमारे दहा हजार माणसे. मी दारातच थबकलो. आपल्याला माणसाला पाय लागला तरी नमस्कार करायची सवय. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये जमिनीत असेच मृत्युलेखांचे दगड आहेत. तिथेही मी भिंतीच्या कडेकडेने गेलो होतो. इथे तर कडच नाही. मुलगी म्हणाली, ‘बाबा, चला हो, इथे सगळे यावरूनच चालतात.’ नातीने मात्र हळूच विचारले, ‘आजोबा, खाली खरंच माणसं आहेत?’ ‘आहेत,’ म्हटलं. मग तीही पाऊल जपून टाकू लागली.

श्रोतेहो, इतिहासाचा मास्तर आहे, तेव्हा दोन शब्द इतिहासाचे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. तेराव्या शतकाच्या आरंभी इथे एक लाकडी प्रार्थनाघर होते. पुढे दगडी चर्च झाले आणि १३०६ साली उत्रेख्तच्या बिशपने ते संत निकोलसच्या नावाने अर्पण केले. संत निकोलस हा दर्यावर्दींचा पाठीराखा. ॲमस्टरडॅम तेव्हा कोळ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे लहानसे गाव होते. या गावाचा पहिला उल्लेख १२७५ सालच्या एका सनदेत येतो. जकात माफ केल्याची ती सनद. तिच्यावरूनच शहराने २०२५ साली आपली ७५० वर्षे साजरी केली. अशा मोलाच्या सनदा आणि कागद शहराने शतकानुशतके ठेवले कुठे? याच चर्चमधल्या एका लोखंडी दाराच्या खोलीत. म्हणजे चर्च म्हणजे देऊळ, चावडी आणि दप्तरखाना, सगळे एकाच छपराखाली. लोक इथे भेटत, सौदे ठरवत, शिडे आणि जाळी दुरुस्त करत. गावकरी त्याला शहराचे बैठकघर मानत. आपल्याकडच्या गावदेवळाच्या सभामंडपात दुपारी पत्ते पडतात, संध्याकाळी भांडणे मिटतात आणि रात्री भजन होते, त्यातलाच हा प्रकार.

चर्चच्या गाभाऱ्याकडच्या भागात गायकवृंदासाठी कोरीव लाकडी आसने आहेत. त्यांच्या खालच्या बाजूला कारागिरांनी म्हणी कोरून ठेवल्या आहेत. एका ठिकाणी तर एक गृहस्थ चक्क नाणी हगतो आहे! पैसा काही असा पडत नाही, हा त्याचा मतलब. मुलीने नातीला ते दाखवायचे टाळले, पण नातीने ते आधीच पाहिले होते.

मग वादळ आले. १५६६ साली नेदरलँड्समध्ये मूर्तिभंजनाची लाट उसळली. देवाच्या घरात चित्रे आणि मूर्ती नकोत, असे मानणाऱ्या प्रॉटेस्टंट जमावांनी चर्चे फोडली. या चर्चमधल्या मूर्ती आणि वेद्याही गेल्या. वाचली ती छतावरची चित्रे, कारण तिथवर हात पोहोचत नव्हता! पुढे १५७८ मध्ये शहराचा कारभारच प्रॉटेस्टंटांच्या हाती आला आणि चर्च कॅथलिकांकडून त्यांच्याकडे गेले. आत पितळी जाळीचा एक सुंदर पडदा आहे, त्याच्यावर ही गोष्ट कोरलेली आहे : चर्चमध्ये हळूहळू शिरलेले गैरप्रकार अठ्ठ्याहत्तर साली पुन्हा दूर केले, अशा अर्थाची. ज्यांना हाकलले त्यांच्याच जुन्या घरात हा लेख. विजेत्यांची भाषा सगळीकडे सारखीच असते.

आता गंमत पाहा. नव्या पंथाच्या कडक मंडळींना प्रार्थनेच्या वेळी ऑर्गनचे वादन नको होते. पण ऑर्गन तर होता, आणि तो वाजवणारा होता यान पीटरसोन स्वेलिंक, त्या काळचा युरोपातला नामांकित वादक. मग तोड काय निघाली? ऑर्गन शहराच्या मालकीचा, वादक शहराचा नोकर. प्रार्थनेच्या आधी आणि नंतर तो वाजवणार, आणि नागरिक येऊन, फिरत, गप्पा मारत ऐकणार. स्वेलिंकने चाळीसहून अधिक वर्षे असे वादन केले. १६२१ मध्ये तो वारला आणि याच फरशीखाली पुरला गेला. म्हणजे पूजेशी संबंध नसलेली कला या चर्चमध्ये काल-परवा आलेली नाही. चारशे वर्षांपूर्वीच ती शहराच्या खर्चाने तिथे राहायला आली होती.

एका शिळेवर एकच नाव आहे : सास्किया. ही चित्रकार रेम्ब्राँची बायको. १६३४ साली दोघांच्या लग्नाची नोंद याच चर्चमध्ये झाली आणि १६४२ मध्ये, आठ वर्षांनी, ती इथे पुरली गेली. त्याच वर्षी रेम्ब्राँने ‘नाइट वॉच’ हे जगप्रसिद्ध चित्र पूर्ण केले. पुढे त्याचे दिवस फिरले, कर्ज झाले, आणि १६६२ मध्ये त्याने सास्कियाचे थडगे विकले. तो स्वतः गेला तो दुसऱ्याच चर्चमधल्या, भाड्याच्या जागेत. दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला, काही दिवस, सकाळचा सूर्यकिरण बरोबर सास्कियाच्या शिळेवर पडतो. शहरातली माणसे तेवढ्यासाठी सकाळी जमतात. आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव मला आठवला. देव असो की माणूस, उजेड बरोबर जागेवर पडला की लोक हात जोडतातच.

हे सगळे झाले जुने. विसाव्या शतकाच्या मध्याला ही इमारत इतकी खचली की ती पडेल अशी भीती निर्माण झाली. तिच्या डागडुजीसाठी १९५५ मध्ये एक संस्था स्थापन झाली आणि काम काही दशके चालले. दरम्यान चर्चला येणारे लोक कमी झाले. हे त्या देशात सगळीकडेच झाले आहे. मास्ट्रिख्ट गावातल्या तेराव्या शतकातल्या एका चर्चमध्ये तर आज पुस्तकांचे दुकान आहे. आउडे केर्कमध्येही पुष्कळ वर्षे वृत्तछायाचित्रांचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरत असे. आणि २०१२ नंतर इथे आजच्या कलावंतांना बोलावण्याचा रीतसर उपक्रम सुरू झाला. अट एवढीच की बाहेरून आणून काहीतरी टांगायचे नाही. या जागेत यायचे, तिचे ऐकायचे, आणि तिला उत्तर द्यायचे. मात्र रविवारची प्रार्थना बंद झाली नाही. हे या चर्चचे वेगळेपण आहे, आणि भांडणाचे मूळही तेच आहे.

दोन उदाहरणे देतो. २०१७-१८ च्या हिवाळ्यात फ्रेंच कलावंत क्रिस्तियां बोल्तान्स्की यांनी इथे प्रदर्शन केले. त्याचे नाव होते ‘ना’. डच भाषेत त्याचा अर्थ ‘नंतर’. विषय अर्थात मरणानंतरचा. या माणसाचा जन्म १९४४ चा, पॅरिसमधला. वडील ज्यू. जर्मनांचा अंमल असताना ते दीड वर्ष स्वतःच्याच घरात फळ्यांच्या जमिनीखाली लपून राहिले होते. ज्याचा बाप जमिनीखाली जिवंत राहिला, त्याला दहा हजार माणसे जमिनीखाली असलेल्या चर्चमध्ये बोलावले. त्या निवडीतच अर्धी कला झाली, असे मला वाटते.

दुसरे उदाहरण २०१८ च्या उन्हाळ्याचे. जॉर्जो आंद्रेओत्ता कालो या इटालियन कलावंताने चर्चच्या साऱ्या खिडक्यांवर लाल पडदा चढवला. एवढेच. बाकी काही नाही. आत येणारा सगळा उजेड लाल झाला. फोटो धुण्याच्या जुन्या काळोख्या खोलीत असतो तसा लाल, आणि बाहेरच्या वस्तीतल्या खिडक्यांत असतो तसाही लाल. कामाचे नाव ‘अनास्तासिस’, म्हणजे ग्रीक भाषेत पुनरुत्थान. शतकानुशतके चर्च त्या खिडक्यांकडे पाठ करून उभे होते. त्या उन्हाळ्यात त्याला त्यांचाच रंग ल्यावा लागला. पुष्कळांना ते भावले, पुष्कळांना अजिबात रुचले नाही. पुढे एका लहान प्रार्थनाकक्षाच्या खिडकीत कायमची लाल काच बसवण्यावरून तर चांगलाच वाद झाला. जुन्या वास्तूच्या अंगावर नव्या माणसाने कायमची खूण करावी का, हा प्रश्न होता. प्रश्न काही लहान नाही.

आता मी गेलो तेव्हा काय होते ते सांगतो. त्या हिवाळ्यात घानाचा कलावंत इब्राहिम महामा याचे काम मांडले होते. हा तरुण माणूस, जन्म १९८७ चा. गोणपाटांसाठी प्रसिद्ध. कोकोच्या व्यापारात वापरून फाटलेली गोणपाटे शिवून तो मोठमोठ्या इमारती झाकतो. इथे त्याने गोणपाटे आणली नव्हती. इथल्या कामाचे नाव होते ‘व्रणांची बाग’. त्याने या चर्चच्या थडग्यांच्या शिळांचे ठसे घेतले, आणि घानाच्या किनाऱ्यावरच्या एल्मिना किल्ल्यासारख्या जागांतल्या भेगाळलेल्या जमिनींचे ठसे घेतले. त्या ठशांवरून जड लाद्या ओतल्या आणि त्या चर्चभर मांडल्या. इथली शिळा आणि तिथली भेग, शेजारी शेजारी. एल्मिना हा गुलामांच्या व्यापाराचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधला, डचांनी जिंकला आणि १८७२ पर्यंत आपल्याकडे ठेवला. ज्या व्यापाऱ्यांनी आणि कप्तानांनी त्या व्यापारात पैसा केला, त्यांच्यातले कितीतरी या फरशीखाली मानाने झोपले आहेत.

मी त्या लाद्यांमधून फिरत होतो. एका फलकापाशी मुलीने मला एल्मिनाची माहिती वाचून दाखवली. डचांनी किल्ला घेतला ते साल आले, आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. १६३७.

श्रोतेहो, हे साल मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले आहे. १६३७ : डचांनी विजापूरच्या आदिलशहाच्या परवानगीने वेंगुर्ल्यात वखार घातली. पुस्तकात एका ओळीत येणारी गोष्ट. पण आमच्यासाठी ती पुस्तकातली नव्हती, कारण वखार गावात उभी होती. छप्पर नसलेली, जांभ्याच्या भिंतींतून मुळे निघालेली. लहानपणी आम्ही तिथे लपंडाव खेळलो. मास्तर झाल्यावर पोरांची सहल तिथेच न्यायचो. डचांची गलबते गोव्याच्या खाडीचे तोंड अडवून पोर्तुगीजांची कोंडी करायची, आणि पाणी, धान्य, दुरुस्ती यांसाठी वेंगुर्ल्याला यायची, हे मी पोरांना भिंतीवर बसवून सांगायचो. त्या गलबतांचे मालक कोण, ते राहायचे कुठे, देवाला कुठे जायचे, हे मला कधी सुचलेच नव्हते. ते इथे यायचे. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची जुनी कचेरी या चर्चपासून पायी काही मिनिटांवर आहे. एकाच साली, एकाच शहराच्या पैशाने, एक हात एल्मिनावर पडला आणि दुसरा माझ्या वेंगुर्ल्यावर.

म्हणून मी खाली वाकलो आणि एका लादीवरच्या भेगेवरून बोट फिरवले. पहारेकरी बाई लगेच पुढे आल्या. हात लावायचा नव्हता. चूक माझीच. पण तीस वर्षे शिकवून मला जे जोडता आले नाही, ते घानाच्या एका पोराने दोन जमिनी शेजारी ठेवून जोडून दाखवले. आजच्या कलेची मी पुष्कळ टिंगल केलेली आहे. त्या दिवसापासून जरा जपून करतो.

बाहेर पडलो. चर्चला लागूनच कॉफी मिळते. तिथे शेजारच्या टेबलावर एक वयस्कर डच बाई बसल्या होत्या. नातीने त्यांच्याशी गप्पा सुरू केल्या, मग आम्हीही इंग्रजीत बोलू लागलो. त्या याच चर्चच्या प्रार्थनेला येणाऱ्यांपैकी निघाल्या. मी उत्साहाने प्रदर्शनाबद्दल बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ‘तुम्हाला आवडलं, छान. पण तुम्ही येता, पाहता आणि जाता. आम्ही रविवारी येतो तेव्हा या सगळ्यातून वाट काढत आमच्या खुर्चीपर्यंत जातो. त्या लाल उन्हाळ्यात मला माझे स्वतःचे हात ओळखू येत नव्हते.’ थोडे थांबून त्याच म्हणाल्या, ‘पण खरं सांगू? आम्ही आता उरलो किती? आमच्या वर्गणीवर हे छप्पर राहिलं असतं का?’ मग त्यांनी मला विचारले, ‘तुमच्याकडे देवळात असं चालतं का?’

मी मोठ्या ऐटीत सांगितले, ‘न चालायला काय झालं? आमच्याकडे दशावतार असतो. जत्रेच्या रात्री देवळात रात्रभर नाटक चालतं. तोंडाला रंग लावून राजे येतात, राक्षस येतात, पुरुषच स्त्रीपात्र करतात. देव आत, नाटक बाहेर, आणि मध्ये भिंत नाही.’ बाईंना फार कौतुक वाटले. ‘अजून होतं?’ त्यांनी विचारले.

आणि मी अडलो.

हेच ते ओझे. आमच्या गावच्या देवळाला जुना लाकडी सभामंडप होता. फणसाचे खांब, कोरलेल्या तुळया, वर नळे. पावसात गळायचा, वाळवी लागली होती. २००४ साली जीर्णोद्धार समिती नेमली. मी तिच्यात होतो. शिकलेला, इतिहासाचा मास्तर, म्हणून मला मुद्दाम घेतले होते. मुंबईकरांनी वर्गणी भरभरून दिली. स्लॅब घालायचा, ग्रॅनाइट लावायचे, स्टीलचे कठडे करायचे, असा ठराव आला. मी बोललो काय? काहीही नाही. दुरुस्तीचा खर्च विचारावा, एखादा जाणता सुतार आणून दाखवावे, एवढेही सुचवले नाही. सगळ्यांच्या आनंदात विरजण कोण घालणार? मी सही केली. आठ दिवसांत मंडप उतरला. लाकडाचा लिलाव झाला.

तो उतरत होता तेव्हा दशावतारात मृदंग वाजवणारे एक म्हातारे काका वडाच्या पारावर बसून पाहत होते. मी जवळ गेलो. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘मास्तरानू, आता आवाज खंय रवतलो?’ आवाज आता राहील कुठे? मला वाटले, म्हातारा भावुक झाला आहे. जत्रा आली तेव्हा अर्थ कळला. नव्या स्लॅबखाली मृदंग नुसता घुमत राहिला. राजाचे बोलणे भिंतीवर आपटून परत यायचे आणि पुढच्या शब्दात मिसळायचे. एक शब्द धड कळेना. दोन वर्षे तसेच रेटले आणि मग नाटक बाहेर मैदानात मांडवात गेले, कर्णे लावून. आता देव आत आहे, नाटक बाहेर आहे, आणि मध्ये भिंत आहे. नाटकाला माणसेही कमी येतात. काका त्यानंतर चार वर्षांनी गेले.

हे मी त्या बाईंना थोडक्यात सांगितले. का सांगितले, माहीत नाही. घरच्यांनाही असे सांगितले नव्हते. मुलगी माझ्याकडे पाहतच राहिली. बाई उठल्या, म्हणाल्या, ‘पाच मिनिटं आहेत का? आत चला.’ त्यांनी दारावर काही बोलून आम्हाला पुन्हा आत नेले. गर्दी नव्हती. कुणीतरी ऑर्गनवर सराव करत होते. त्यांनी बोट वर केले, त्या लाकडी छताकडे. स्वर दगडावरून वर चढत होते, लाकडात शिरत होते आणि मऊ होऊन खाली येत होते. बाई हळूच म्हणाल्या, ‘आम्ही भांडतो त्या कलावंतांशी, त्या संस्थेशी. पुढेही भांडू. पण हे छप्पर त्यांनी राखलं, हे खोटं कसं म्हणू?’

परतीच्या वाटेवर मी विचार करत होतो. त्यांच्याकडे श्रद्धा कमी झाली आणि छप्पर राहिले. आमच्याकडे श्रद्धा होती, वर्गणी होती, माणसे होती, आणि छप्पर आम्ही हाताने उतरवले. कुणी शत्रू आला नव्हता, मूर्तिभंजक जमाव आला नव्हता. ठराव एकमताने मंजूर झाला होता, आणि खाली माझी सही होती.

म्हणून मी असे म्हणत नाही की आपल्या देवळांत आजच्या कलेची प्रदर्शने भरवा. प्रत्येक जागेची रीत वेगळी. दशावतार त्या देवाच्या जत्रेचा, गावाच्या ओळखीचा. महामाचे काम परक्याने येऊन विचारलेला प्रश्न आहे. दोन्ही एक नव्हेत, आणि त्या बाईंची तक्रारही मला खोटी वाटत नाही. पण एक गोष्ट मला आउडे केर्कने शिकवली. जुनी वास्तू नुसती जपून ठेवता येत नाही. तिच्यात काहीतरी चालू असावे लागते. प्रार्थना चालू असावी, ऑर्गन चालू असावा, नाटक चालू असावे, वेळप्रसंगी भांडणही चालू असावे. ज्या वास्तूवरून लोक भांडतात ती अजून जिवंत आहे. आमच्या मंडपावरून कुणी भांडलेच नाही.

गावी परतल्यावर मी एक उद्योग केला. लिलावातले लाकूड कुठे कुठे गेले याचा शोध घेतला. बहुतेक जळले किंवा चौकटींत गेले. चार खांब मात्र एकाच्या गुरांच्या गोठ्यात उभे सापडले. शेणाने माखलेले, पण नक्षी शाबूत. मालक म्हणाला, ‘मास्तर, तुम्हाला हवे तर दुसरे खांब आणून द्या नि हे न्या.’ समितीपुढे मी अर्ज ठेवला आहे : देवळाच्या पूर्वेला, जुन्या वडाजवळ, लाकडी तुळयांचा आणि कौलांचा लहानसा मांड उभारावा, चारही बाजूंनी उघडा, आणि दशावतार तिथे व्हावा. अर्जावर पहिल्यांदाच वाद झाला. दोघे माझ्याशी बोलत नाहीत. मला त्याचे वाईट वाटत नाही. पैसे अजून जमायचे आहेत.

तुमच्याही गावात एखादे जुने देऊळ, इगर्जी, मशीद, वाडा किंवा शाळा असेल. आज ना उद्या ठराव येईल. सही करण्याआधी एकच करा. एखाद्या संध्याकाळी, कुणी नसताना, आत उभे राहा आणि मोठ्याने एक हाक मारा. मग तिथेच उभे राहून ऐका. आवाज तिथे राहतो आहे का, ते तुम्हाला आपोआप कळेल.



(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)